जावईबापूंचं शेपूट

आईनं ताट समोर ओढलं नाही. नुसती बसून राहिली आणि म्हणाली, “जावईबापू जेवले?”

‘हो’ म्हणायचं असं मी ठरवूनच स्वयंपाकघरात आले होते. पण चिमटा माझ्या हातातच राहिला होता आणि त्याच्या टोकाला दाणा तसाच होता. आईची नजर थेट तिथे गेली. तिनं आपल्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि उठली. शुगरची गोळी मात्र तिनं सकाळीच न चुकता घेतलेली होती.

जावईबापू म्हणजे मासा. गडद निळा फायटर, परांच्या कडांना तांबूस झाक, अंगठ्याएवढं अंग आणि त्याच्या दुप्पट शेपटाचा पसारा. नाव बाबांनी ठेवलेलं. मी लग्न करत नाही हे एकदाचं पक्कं झाल्यावर बाबांनी तो आणला. पाणी जरा गार झालं की रुसणार, आवडीचा दाणा नसला की तोंड फिरवणार, शेजारी दुसरा कुणी दिसला की अंगावर धावून जाणार. “सगळी लक्षणं जावयाची आहेत,” बाबा म्हणाले होते, “फक्त सासऱ्याच्या पैशावर डोळा नाही तेवढा.” तेव्हापासून दादा मला फोनवर ‘नवरा कसा आहे तुझा’ असं विचारायचा.

बाबा कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे आणि घरामागच्या लहानशा खोलीत बसून बाबा त्यावरून मेणात दात लावायचे. हाताला केसाएवढ्या कामाची सवय. त्यामुळे माशालाही त्यांनी कधी बोटानं दाणे टाकले नाहीत. दात लावायच्या चिमट्यात एकेक दाणा धरून पाण्याच्या वर न्यायचे, तो उडी मारून घ्यायचा. त्याचं झालं की आई पानं वाढायची. बाबा गेले ते त्याच खोलीत, कामाच्या स्टुलावर. अर्धी झालेली कवळी टेबलावर राहिली होती. ती डॉक्टरांनी नेली आणि दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घेतली. आज कुणीतरी ती घालून जेवत असेल.

मी रजा टाकून आईकडे राहायला आले. ती रडत नव्हती, कुणावर चिडतही नव्हती. आयुष्यभर आमच्या घरात आईचा आवाज कुठल्या ना कुठल्या खोलीतून येत असायचा. टॉवेल ओला कुणी ठेवला, दिवा कुणी चालू ठेवला. तो आवाजच बंद झाला. तिनं एकच गोष्ट हातात धरून ठेवली होती: आधी मासा, मग आपण. “त्यानं खाल्लं की मी खाते,” ती म्हणायची. बुडत्याला काडीचा आधार, असं मनाशी म्हणून मी ते चालू दिलं. काडी पाण्यात किती वेळ टिकते याचा विचार तेव्हा केला नाही.

सुरुवातीला जावईबापू टाकीच्या तळाशी एका कोपऱ्यात बसून असायचे. खायचे, पण नाइलाज असल्यासारखे. मग आईनं बाबांचा फोटो चौकट करून आणवला. नात्यातल्या एका लग्नात काढलेला, काळा कोट, मागे काळपट पडदा. तो तिनं भिंतीवर लावला नाही. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर, टाकीच्या बाजूच्या काचेला जवळजवळ टेकवून उभा केला, बाबांचं तोंड माशाकडे करून. टाकीचा दिवा लावला आणि मला हाक मारली.

मासा उठला होता. फोटोकडे तोंड करून त्यानं सगळे पर ताणले, शेपूट पंख्यासारखं उघडलं, कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंना ताठ उभी राहिली. मग तसाच तो थरथरत मागेपुढे होऊ लागला. 

“ओळखलं त्यानं,” आई म्हणाली. बाबा असताना तो असाच नाचायचा, तिनं सांगितलं. बाबा टाकीशी वाकले, काचेजवळ हात नेला, की असा फुलायचा. तिच्यासाठी कधीच नाही, फक्त त्यांच्यासाठी.

त्या दिवशी आईनं पोटभर जेवण केलं. पुन्हा थोडा भात मागून घेतला. ते पाहिल्यावर मी काही विचारायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोटोची काच पुसून आणखी लख्ख केली.

शेपटाचा पहिला तुकडा गेला तो त्याच आठवड्यात. सकाळी दिवा लावला तर पंख्याच्या खालच्या टोकाला खाच दिसली. मी बाबांची कामाच्या वेळी कपाळाला बांधायची भिंगाची पट्टी घेऊन काचेला डोळा लावला. परांचं नुकसान तीन-चार वाटांनी होतं, हे मी त्या दिवसांत वाचून काढलं. पाणी घाण असेल तर कडा कुजतात; त्या काळपट किंवा रक्ताळलेल्या दिसतात, कधी त्यांवर कापसासारखं बुरशीचं आवरण येतं आणि पर मागे मागे झिजत जातो. टाकीतलं काही टोकदार असेल तर पर उभा फाटतो. किंवा कुणी चावा घेतो. पण टाकीत चावायला दुसरं कुणी नव्हतं. कड काळी नव्हती, तरी थोडी लालसर मला वाटली. मुळात तांबूस झाक असलेल्या माशात लाल शोधणं म्हणजे पिवळ्या साडीत हळदीचा डाग शोधणं.

माशांच्या दुकानात मी मोबाइलवर फोटो दाखवला. दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि कुजलंय म्हणून सांगितलं. त्यानं निळ्या औषधाची बाटली दिली, मासा वेगळा ठेवा, टाकीतलं सगळं धुऊन काढा म्हणाला, आणि वर, फायटर नाजूक असतात, फार जीव लावू नका, असंही. मी मान डोलावली.

जावईबापूंना मी काचेच्या मोठ्या बरणीत घालून स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. लहान हीटर लावला, रोज पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब आधी घालायचे, मग औषध. पाणी फिकट निळं झालं, माझी बोटंही. पण तिथे तो सुधारला. तुकडा आणखी गेला नाही. थोड्याच दिवसांत खाचेच्या कडेला एक पारदर्शक रेघ दिसू लागली, नखाच्या मुळाशी असते तशी. नवा पर असाच येतो, रंग नंतर भरतो. तो खात होता. आईही खात होती, तिथेच ओट्यापाशी उभी राहून, पण तिची कुरकुर चालू होती. परक्याच्या घरी किती दिवस ठेवणार, म्हणायची. ह्यांच्या नजरेआड झालाय म्हणून गप्प आहे. एकदा तरी नाचला का इथे?

खरंच नाचला नव्हता. 

मी तोपर्यंत टाकीतले खडे उकळत्या पाण्यात धुतले, जुनी प्लास्टिकची झुडपं पायमोज्यानं चाचपून पाहिली. मोजा अडकला तर परही अडकतो. एका झुडपात अडकला, ते फेकून दिलं. पाण्यात तपासणीचे थेंब घातले. विषारी अमोनिया असता तर पाणी हिरवं झालं असतं, ते पिवळंच राहिलं. सगळं ठीक करून मी त्याला परत टाकीत सोडलं. दिवा लावला. तो क्षणभर थबकला, फोटोकडे वळला आणि फुलला. आई मागे उभी होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटाचा मोठा लचका गायब होता. अर्धचंद्रासारखी साफ कापलेली जागा, जवळजवळ मुळापर्यंत. नवी पारदर्शक रेघ होती तो भागच गेला होता. जावईबापू हीटरच्या मागे तिरके पडले होते आणि चिमट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आईनं ताटावर ताट उपडं घातलं, ते त्याच दिवशी.

कुजलेला पर एका रात्रीत असा साफ कापला जात नाही, एवढं मला आता कळत होतं. मासा कधी कधी स्वतःचंच शेपूट तोडतो, असंही वाचलं होतं, कंटाळ्यानं नाहीतर ताणानं. पण ताण कसला? पाणी स्वच्छ, ऊब बरोबर, एकटा राजा. घरात ताण होता, पण तो काचेपलीकडे कसा जाणार? दुकानदार म्हणाला, टाकीतच औषध घाला, जास्त घाला. घातलं. निळ्या पाण्यात तो फोटोसमोर कधी फुलायचा, कधी नुसता पडून राहायचा. आई फळीसमोर खुर्ची टाकून बसायची. तो फुलला की म्हणायची, “बघ, एवढा आजारी आहे, तरी ह्यांना बघून उठतो.” आणि जेवणाच्या वेळी: “त्याच्या घशाखाली उतरत नाही, माझ्या कसं उतरेल?”

मी समजावलं. चिडले. तिच्या पुढ्यात बसून सूपचा चमचा तिच्या तोंडाशी नेला, लहान मुलाला भरवावं तसा. तिनं दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. आमच्या डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, जेवण नाही तर गोळी नाही. मी गोळ्यांचं पाकीट लपवलं. आईकडे दुसरं होतं.

मग एका दुपारी ती गच्चीत चादरींच्या घड्या घालत होती आणि तिनं मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी बाहेर गेले तर तिच्या कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरतायत, चादरीचं टोक सापडत नाहीये. जीभ जड झालेली. मी तिला भिंतीशी टेकवून बसवलं, पळत जाऊन पाण्यात साखर ढवळली आणि ते पाणी तिला पाजलं. अर्धं तिच्या साडीवर सांडलं. थोड्या वेळानं तिची नजर माझ्यावर स्थिर झाली. “पाणी किती गोड केलंस गं,” ती म्हणाली. मला हसू यायला हवं होतं.

डॉक्टरबाई येऊन गेल्या. या वेळी घरात कुणी होतं, प्रत्येक वेळी असेलच असं नाही, असं म्हणून त्यांनी बॅग बंद केली.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. दादाचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि त्याच्या मते जगात दुरुस्ती अशी काही नसते, बदली असते. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, दुसरा आणतो. निळाच, लाल कडांचा, शेपूट शाबूत असलेला. बरा झाला म्हणून सांगायचं. तो खाईल, आई खाईल. “आईला काय कळणार आहे? मासा म्हणजे मासा.”

मी त्याला बरंच काही सुनावलं. आईला फसवायचं, तेही बाबांच्या माशावरून. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “तुझ्याकडे दुसरं काही आहे का?” माझ्याकडे नव्हतं. मी हो म्हटलं.

तो सकाळी आला, आई आंघोळीला गेल्यावर. आत बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत होता. दादानं पिशवीतून झाकणाची काचेची बरणी काढली. मासा खरोखर तसाच होता. निळा जरा उजळ, पण कडांची झाक तीच. “सांग बघू, कोणता ओरिजिनल?” दादा कुजबुजला. मग रंग नीट ताडून पाहावा म्हणून त्यानं बरणी फळीवर टाकीच्या शेजारी ठेवली, फोटोच्या विरुद्ध बाजूला, आणि खिशातून जाळी काढली.

जावईबापू हीटरमागून बाहेर आले. त्यांनी बरणी पाहिली. उरलेलं शेपूट पसरलं, कल्ल्यांची झाकणं ताठ केली आणि थरथरत काचेशी गेले. बरणीतला मासाही तसाच पसरला. दोघं समोरासमोर, मध्ये दोन काचा, एकाची हालचाल दुसऱ्याची नक्कल असल्यासारखी. 

हे मी पाहिलं होतं. रोज पाहत होते. फक्त तेव्हा त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला, फोटोकडे असायचं.

“दादा, हा काय करतोय?”

“फायटर आहे. भांडतोय. दुसरा नर दिसला की हेच.” दादा जाळी उलगडत होता. “बाबा आरशानं करायचे ना, तेच.”

मी विचारलं, कुठला आरसा. त्यानं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तो, म्हणाला, लांब दांडीचा, रुपयाएवढा. बाबा तो तळहातात धरून काचेला लावायचे, मासा फुलला की लगेच काढून घ्यायचे. थोडा व्यायाम हवा, जास्त झाला तर दमतो, असं त्यांनी दादाला सांगितलं होतं. दादानं एकदा त्यांना पकडलं होतं तेव्हा. आणि त्यांनी डोळा मारला होता, आईला बोलू नकोस म्हणून.

टेबलावर एक जुनं मासिक पडलं होतं. मी ते उचललं आणि टाकी आणि फोटो यांच्या मध्ये सरकवलं. ओली बरणी उचलून दादाच्या हातात दिली. मासा क्षणभर तसाच ताठ राहिला, मग पर हळूहळू मिटले. तो पाण्याच्या वर आला, हवेचा घोट घेतला आणि एका पानावर जाऊन टेकला. मी मासिक काढलं. तो वळला. बाबांच्या काळ्या कोटावर, टाकीच्या दिव्याच्या उजेडात, एक लहान निळा मासा फुलून उभा होता. मी खाली वाकून माशाच्या नजरेच्या रेषेत डोळा आणला तेव्हा तो मला स्वच्छ दिसला. बाबांचा चेहरा त्याच्यामागे कुठेतरी होता.

आत नळ बंद झाला.

दादाला कळायला वेळ लागला नाही. तो भरभर बोलला: फोटो उचल, मोठा करायला दिलाय म्हणून सांगू, आरशाचं तोंडातून काढू नकोस. बरोबरच होतं ते. मी चौकटीला हात घातला. पण फोटो नसला की मासा नाचणार नाही, आणि नाचला नाही की आई म्हणेल, विसरला. दोन दिवसांत ती दुसरा फोटो काढून तिथेच ठेवील. नाहीतर ठेवणारच नाही, आणि तेही मला नको होतं. मी हात घातलेला तसाच राहिला आणि आई दारात आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला.

तिनं टाकीकडे पाहिलं. मग दादाच्या हातातल्या बरणीकडे.

“हा कोण?”

दादा म्हणाला, सोबतीला आणला.

“दोन नर एकत्र ठेवत नाहीत. एवढं मला ह्यांनी शिकवलंय.” तिची नजर जाळीवर गेली आणि तिथेच राहिली. “बदलणार होतात?”

दादा खाली बघत होता. मी म्हटलं, “हो. मला विचारूनच आणलाय त्यानं.”

तिचा चेहरा इतका रिकामा झाला की मी आधी तिच्या कपाळाकडे पाहिलं, घाम आहे का म्हणून. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. पुढे बोलावं की आधी साखर आणावी, हे मला ठरवता येईना. 

“आई, बदलायची गरज नाही,” मी म्हटलं. “तो कुजत नाहीये. तो स्वतःचं शेपूट तोडतोय. आणि हा फोटो इथे राहिला तर उरलेलंही तोडेल.”

“फोटोनं मासा मरतो?”

मी मासिक मध्ये धरलं, काढलं, पुन्हा धरलं. तिला जवळ बोलावून खाली वाकायला लावलं. तिनं गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं, बराच वेळ. मी सांगत होते की काचेत त्याला दुसरा मासा दिसतो, त्याला हाकलायला तो फुलतो, तो मासा जातच नाही, दिवसभर जात नाही, मग तो चावायला जे सापडतं ते चावतो. 

ती सरळ उभी राहिली. “खोटं. ह्यांना बघून फुलायचा तो. तेव्हा कुठे होता फोटो?”

दादानं माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी. इथे थांबता आलं असतं. फोटो हलवण्यापुरतं तिला पटलं असतं कदाचित. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर या खोलीत दोघांना माहीत होतं आणि तिला नव्हतं, आणि तिनं जेवण सोडलं होतं ते त्याच उत्तराच्या जागी काहीतरी धरून.

“तेव्हा बाबांच्या हातात आरसा असायचा,” मी म्हटलं. “दातांचा. तळहातात मावतो तो.”

आई दादाकडे वळली. “तू पाहिलास?”

“एकदा.”

“काय म्हणाले?”

दादानं बरणी छातीशी धरली होती. “म्हणाले, आईला बोलू नकोस. तिला गंमत वाटते, वाटू दे.”

आई खुर्चीत बसली. टॉवेल सुटून खांद्यावर आला, केसांतलं पाणी तिच्या मानेवरून गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. दादा मला डोळ्यांनीच विचारत होता, काय केलंस हे. मी आईच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर स्थिर होते.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “मी विचारायचे ह्यांना, मला बघून का नाही हो फुलत? मीही काचेला तोंड लावून बसायचे. लाडीगोडी लावायचे त्याला. तर म्हणायचे, माणसं ओळखतो तो.”

तिनं फोटोकडे पाहिलं.

“माणसं ओळखतो म्हणे.” ती उठली. फळीवरचा फोटो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि चेहऱ्यासमोर धरला. “लबाड माणूस. अख्खा जन्म लोकांना खोटे दात लावले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे. हातात आरसा धरून बायकोला हिणवतात? आणि मी इथे त्या माशापुढे…” पुढचं वाक्य तिला सापडलं नाही. ती ते शोधत राहिली, आवाज चढवत, शब्द बदलत. तिला काही तरी बाबांच्या तोंडावर म्हणायचं होतं, आणि समोर बाबांचं तोंडच होतं. 

दादाच्या तोंडून हसू निसटलं.

“तू दात काढू नकोस,” ती त्याच्यावर कडाडली. “आणलास तसा घेऊन जा तो. आणि तू, ओल्या हातानं मासिक धरलंस, बघ पानं कशी झाली.”

फोटो घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. डबे बाजूला सारल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. “बसा आता माझ्याकडे बघत,” ती म्हणाली, आमच्यापैकी कुणाला नाही. कालचं उरलेलं तिनं गरम केलं असावं. पातेलं आपटलं, चमचा आपटला. मी दारातून डोकावले. फोटो जेवायच्या टेबलावर बरण्यांना टेकवून ठेवला होता आणि आई त्याच्यासमोर बसून जेवत होती, घास तोंडात असताना बोलत होती. विम्याच्या कागदांबद्दल बोलत होती, कुणाला तरी उसनी दिलेली शिडी परत न आणल्याबद्दल, त्या खोलीतल्या पंख्याबद्दल, कितीदा सांगितलं होतं दुरुस्त करून घ्या, कितीदा सांगितलं होतं छातीत दुखतं तर डॉक्टरकडे जा. तिथे तिचा आवाज फाटला. तिनं पाणी प्यायलं आणि पुढचा घास घेतला.

दादा बरणी घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसला. त्याला तो मासा आता घरी न्यावा लागणार होता आणि मुलांना काय सांगायचं याचा तो विचार करत असावा.

मी टाकीतलं निळं पाणी कमी करायला घेतलं. एकदम सगळं काढायचं नसतं, त्याचा माशाला धक्का बसतो. चौथा हिस्सा काढायचा, तेवढंच कोमट पाणी हळूहळू परत घालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नळी बादलीत सोडून मी तिथेच खाली बसले. आतून आईचं बोलणं चालू होतं. जावईबापू पानावर टेकलेले होते, पर मिटलेले, शेपटाचं जे काही राहिलं होतं ते पाण्याबरोबर जरासं हलत होतं. मूळ शाबूत असेल तर पर परत येतो. ते शाबूत होतं की नाही, हे भिंगातूनही मला नीट दिसेना.

चिमट्यात दाणा धरून मी पाण्याच्या वर नेला. त्यानं डोळा तेवढा फिरवला. दुपारी पुन्हा नेला, संध्याकाळी पुन्हा. त्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही.

रात्री आईनं पानं वाढली, माझं आणि तिचं. त्याचं काय झालं, ते तिनं विचारलं नाही.